‘आम्हाला दाखवा, मग बघू’: फोर्डच्या पॉवरशिफ्ट गिअरबॉक्सचं ऑस्ट्रेलियातलं प्रकरण

२६ एप्रिल २०१८ रोजी ऑस्ट्रेलियाच्या फेडरल कोर्टाने फोर्डच्या तिथल्या कंपनीला १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. गिअरबॉक्स खराब निघाला म्हणून हा दंड नव्हता. त्या गिअरबॉक्सची तक्रार घेऊन आलेल्या गिऱ्हाइकांना कंपनीने जी वागणूक दिली, तिच्याबद्दल होता. १ मे २०१५ ते २९ फेब्रुवारी २०१६ या दहा महिन्यांत कंपनीने तक्रारी ज्या तऱ्हेने हाताळल्या, ते वर्तन सदसद्विवेकाला सोडून होतं, असं कोर्टाने जाहीर केलं आणि कंपनीनेही ते मान्य केलं.

यंत्रातला दोष आणि दोषाची तक्रार हाताळण्यातला दोष, हे दोन इतके स्वच्छ वेगळे करून दाखवणारं प्रकरण क्वचित सापडतं. वॉरंटीवरून सर्व्हिस सेंटरशी वाद घातलेल्या कोणालाही यातली वाक्यं ओळखीची वाटतील.

गाड्या होत्या फिएस्टा, फोकस आणि इकोस्पोर्ट, २०११ ते २०१६ या काळात विकलेल्या, पॉवरशिफ्ट नावाचा सहा गिअरचा ऑटोमॅटिक बसवलेल्या. ऑस्ट्रेलियात अशा सुमारे ७०,००० गाड्या विकल्या गेल्या आणि त्यांतल्या जवळपास निम्म्या गाड्यांचं गिअरबॉक्सशी संबंधित काम निदान एकदा तरी करावं लागलं. (तिथे विकलेली इकोस्पोर्ट आपल्या चेन्नईजवळच्या कारखान्यातून जात होती. गिअरबॉक्सची रचना मात्र जगभरासाठी एकच.) निम्म्या गाड्या एकाच जागी दुखत असतील, तर ‘तुमच्याच गाडीला असं का होतंय कळत नाही’ हे उत्तर कोणालाच देता येऊ नये. ते दिलं गेलं, कारण प्रत्येक गिऱ्हाइकाला फक्त आपली एक गाडी दिसत होती. एकूण आकडा कंपनीकडे होता.

आधी यंत्र समजून घेऊ, कारण पुढचा सगळा वाद त्याच्या स्वभावातून निघतो.

पॉवरशिफ्ट बाहेरून ऑटोमॅटिक दिसतो. क्लचचं पेडल नाही, दांडा ‘डी’वर टाकला की झालं. आत मात्र तो मॅन्युअल गिअरबॉक्सच्या जातीचा आहे. फरक एवढाच की क्लच माणसाच्या पायाने न चालता विजेच्या मोटरने चालतो, आणि एकाऐवजी दोन क्लच असतात. एका क्लचकडे पहिला, तिसरा, पाचवा गिअर. दुसऱ्याकडे दुसरा, चौथा, सहावा. गाडी दुसऱ्या गिअरवर असतानाच तिसरा पलीकडे टाकून तयार ठेवलेला असतो. एक क्लच सुटतो, दुसरा धरतो, आणि गिअर बदलतो. पारंपरिक ऑटोमॅटिकमधला टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सकडे नेणारा भाग, इथे नाही, म्हणून इंधन वाचतं. शिवाय हे क्लच कोरडे आहेत, तेलात बुडवलेले नाहीत, त्यामुळे तेल ढवळण्यात जाणारी ताकदही वाचते.

बचत जिथे आहे, दुखणंही तिथेच आहे. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये तेल असतं; इंजिनाचे बारीक धक्के ते पोटात घालतं. इथे ते काम क्लचच्या अस्तराने, म्हणजे चकतीवरच्या घर्षणाच्या थराने करायचं, आणि अस्तर कोरडं राहिलं तरच ते नीट धरतं. या गिअरबॉक्समध्ये इनपुट शाफ्टच्या (क्लचकडून गिअरकडे ताकद नेणाऱ्या दांड्याच्या) सीलमधून तेल झिरपून नेमकं या कोरड्या अस्तरावर जायचं. अस्तराचं द्रव्यही हवं तसं वागत नव्हतं. तिसरी अडचण टीसीएमची, म्हणजे क्लच आणि गिअर चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाची. त्यातल्या चिपच्या सोल्डरिंगला तडे जायचे. क्लच बिघडला तर गाडी त्रास देते. टीसीएम बिघडला तर ती चालत्या रस्त्यात ताकद सोडू शकते.

तेल लागलेलं अस्तर सलग घसरत नाही आणि सलग धरतही नाही. ओलं बोट काचेवरून ओढलं की अडकत, घसरत, कर्रकर्र करत जातं, तसं ते वागतं. हे अडकणं-घसरणं सेकंदात अनेकदा होतं आणि थरथर म्हणून सीटमधून पाठीला नि स्टिअरिंगमधून हाताला कळतं. सर्वांत जास्त कळतं ते सिग्नल सुटल्यावर, पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना, गाडी जेमतेम ताशी दहा-वीस किलोमीटरवर असताना. त्याच्या जोडीला दुसरी तक्रार असायची: अ‍ॅक्सिलरेटर दाबला की क्षणभर काहीच होत नाही, मग गाडी एकदम हिसका देऊन पुढे जाते. चौकात उजवीकडे वळताना, समोरून येणारी वाहनं मोजून गाडी घातलेली असताना हा ‘क्षणभर’ फार मोठा असतो.

आणि हे सगळं कधी कधीच होतं. संपूर्ण प्रकरणाची किल्ली या ‘कधी कधी’मध्ये आहे.

कोरड्या क्लचचं घर्षण तापमानावर बदलतं. सकाळी थंड गाडी एक वागते, अर्धा तास गर्दीत रखडल्यावर दुसरं, महामार्गावर काहीच होत नाही. त्यात टीसीएम शिकाऊ असतो: क्लच नेमका कुठे धरायला लागतो ते तो वापरातून टिपत राहतो आणि त्याप्रमाणे दाब बदलतो. सर्व्हिस सेंटरमध्ये सॉफ्टवेअर नवं टाकलं, शिकवणी पुसून पुन्हा शिकवली, की गाडी काही दिवस मऊ चालते. तेवढ्यात जॉब कार्ड बंद झालेलं असतं. मालक तीन आठवड्यांनी पुन्हा येतो तेव्हा ती नवी तक्रार, नवं कार्ड, आणि मेकॅनिक गाडी घेऊन जातो ते रात्रभर थंड झालेल्या क्लचवर, रिकाम्या रस्त्यावर, दणक्यात अ‍ॅक्सिलरेटर दाबून. थरथर येत नाही. कार्डावर शेरा पडतो: तपासलं, दोष आढळला नाही.

कोर्टापुढे मान्य झालेल्या बाबींपैकी मला सर्वांत बोलकी वाटते ती हीच. लक्षणं अधूनमधून येतात हे कंपनीला माहीत होतं. तरीही दुरुस्ती हवी असेल तर डीलरच्या माणसासमोर, मागितल्या क्षणी, ती लक्षणं दाखवून द्या, अशी अट गिऱ्हाइकांवर घातली जात होती. जी अट बहुतेकांना पुरी करता येणार नाही हे घालणाऱ्याला माहीत आहे, तिला तपासणी म्हणता येणार नाही. तो नकारच आहे, फक्त त्याला प्रक्रियेचे कपडे घातलेले.

दुसरी मान्य बाब: थरथर हे दर्जाच्या दोषाचं लक्षण आहे हे माहीत असताना कंपनी गिऱ्हाइकांना वारंवार सांगत होती की हे तुमच्या चालवण्याच्या पद्धतीमुळे होतंय.

इथे थोडं थांबायला हवं, कारण हे उत्तर निव्वळ थाप असतं तर इतकं टिकलं नसतं. त्यात अर्धं सत्य होतं. कोरड्या क्लचच्या गाडीला चढावर ब्रेक न लावता अ‍ॅक्सिलरेटरवर धरून ठेवलं, किंवा गर्दीत इंच-इंच सरकवत नेलं, तर क्लच तापतो आणि अशा गिअरबॉक्समध्ये हळू वेगावर थोडा खडबडीतपणा मुळातच असतो. आपण खोटं बोलतोय असं मेकॅनिकलाही वाटत नसावं. पण या अर्ध्या सत्याला दोन उत्तरं आहेत. एक, कंपनीने ही गाडी ऑटोमॅटिक म्हणून विकली होती, आणि ऑटोमॅटिक घेणारा माणूस ती घेतोच गर्दीत इंच-इंच सरकायला. नेहमीच्या वापराला न पेलणारी रचना हा वापरणाऱ्याचा दोष होत नाही. दोन, रचनेतला खडबडीतपणा आणि तेल लागलेल्या क्लचची थरथर या वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्या करण्याची साधनं गिऱ्हाइकाकडे नव्हती, कंपनीकडे होती. शाफ्टच्या फेऱ्यांमधला चढउतार स्कॅनरवर, म्हणजे गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्सला जोडून आकडे वाचणाऱ्या यंत्रावर, नोंदवता येतो. ‘असंच असतं’ म्हणायच्या आधी तो आकडा छापून हातात देता आला असता.

कंपनीच्या माहितीबद्दल शंका राहत असेल तर अमेरिकेकडे पाहावं. याच गिअरबॉक्सच्या क्लचवरची वॉरंटी फोर्डने तिथे २०१४ मध्ये वाढवून ७ वर्षं किंवा १ लाख मैल केली आणि टीसीएमवरची १० वर्षं किंवा दीड लाख मैल. कोणतीही कंपनी चांगल्या चाललेल्या भागावर एवढा खर्च स्वतःहून ओढवून घेत नाही.

आता कायदा. ऑस्ट्रेलियात १ जानेवारी २०११ पासून लागू असलेल्या ग्राहक कायद्यात विकलेली वस्तू ‘स्वीकारार्ह दर्जाची’ असलीच पाहिजे अशी हमी आहे. ही हमी कंपनीच्या वॉरंटी पुस्तिकेपेक्षा वेगळी आणि तिच्या वर आहे. पुस्तिकेत किती किलोमीटर लिहिलेत, कोणते भाग झिजणारे म्हणून वगळलेत, याने ती संपत नाही. दोष किरकोळ असेल तर विक्रेत्याने वाजवी वेळात दुरुस्त करून द्यायचा. दोष मोठा असेल तर पैसे परत, बदली वस्तू की दुरुस्ती, हे गिऱ्हाइकाने ठरवायचं.

मग मोठा दोष कोणता? कायद्याची एक कसोटी अशी आहे: या बिघाडाचं स्वरूप आणि व्याप्ती पूर्ण माहीत असती, तर समंजस गिऱ्हाइकाने ही वस्तू घेतली असती का? वाचायला साधी वाटते, पण तिने डाव उलटतो. मेकॅनिकच्या फेरीत आज थरथर आली की नाही, हा प्रश्न बाजूला पडतो. शोरूममध्ये सेल्समनने सांगितलं असतं की या गिअरबॉक्सचे सील गळू शकतात, क्लच दोन-तीनदा बदलावा लागेल, प्रत्येक वेळी गाडी काही दिवस आमच्याकडे राहील आणि त्यानंतरही खात्री नाही, तर चावी कोणी घेतली असती?

या हिशोबाने वारंवार केलेली दुरुस्ती कंपनीची बाजू भक्कम करत नाही, कमजोर करते. सर्व्हिस सेंटरला वाटतं आपण प्रत्येक वेळी मोफत काम करून दिलं म्हणजे वॉरंटी पाळली. पण तिसऱ्यांदा तोच क्लच बदलल्याचं कार्ड हा दुरुस्ती होत नसल्याचा पुरावा असतो, आणि तो विक्रेत्याच्याच शिक्क्यानिशी. पुढे तिथल्या कायद्यात दुरुस्ती होऊन, अनेक किरकोळ बिघाड एकत्र धरल्यावर मोठा दोष ठरू शकतो, हेही स्पष्ट करण्यात आलं.

पॉवरशिफ्टच्या बाबतीत मात्र अनेकदा दुरुस्त्या होऊनही दोष न गेलेल्या गाड्यांच्या मालकांना बहुतांशी पैसे परत किंवा विनाखर्च बदली गाडी नाकारली गेली. त्याऐवजी एक योजना पुढे केली जायची. तिच्या नावात ‘लॉयल्टी’ हा शब्द होता. जुनी गाडी द्या, नवी घ्या, आणि वरची बरीच मोठी रक्कम तुम्ही भरा. कायद्याने जे फुकट मिळायचं, ते सवलतीत विकायची ही योजना होती. कंटाळलेली माणसं ती घेत, कारण वर्षभर हेलपाटे घातल्यावर सुटकेलाही किंमत असते, आणि ती किती असते हे समोरच्याला बरोबर कळतं. पुढची पायरी याहून वाईट: परत घेतलेल्या या गाड्या घाऊक व्यापाऱ्यांना आणि इतर गिऱ्हाइकांना पुन्हा विकल्या गेल्या, आणि त्यांच्या गिअरबॉक्सचा इतिहास नव्या मालकाला प्रत्येक वेळी सांगितला गेला असं नाही.

तिथला स्पर्धा आणि ग्राहक आयोग, म्हणजे एसीसीसी, जुलै २०१७ मध्ये कोर्टात गेला. त्याच वर्षअखेर आयोगाने नव्या गाड्यांच्या किरकोळ विक्री बाजाराचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही हाच सूर होता: तक्रार आली की सगळे वॉरंटी पुस्तिका उघडतात, कायद्याने दिलेली हमी कोणी उघडत नाही. फोर्डने आरोप लढवत न बसता मान्य केले, म्हणून निकाल वर्षाच्या आत लागला. दंडाशिवाय कंपनीने लेखी हमी दिली की पैसे परत किंवा बदली गाडी मागितलेल्या आधीच्या तक्रारींचा स्वतंत्र व्यक्तीकडून फेरविचार करून घेतला जाईल.

या निकालाचं कौतुक करताना एक गोष्ट नजरेआड होते. दंडाचा एक डॉलरही गाडीमालकाच्या खिशात गेला नाही. तो सरकारी तिजोरीत गेला. आयोगाचा खटला कंपनीचं वर्तन सुधारायला उपयोगी पडला. ज्याची गाडी दारात थरथरत उभी होती त्याला वेगळा रस्ता धरावा लागला.

तो रस्ता म्हणजे हजारो मालकांच्या वतीने चाललेला सामूहिक दावा. २९ जून २०२१ रोजी फेडरल कोर्टाचे न्यायमूर्ती नाय पेरम यांनी त्यात निकाल दिला की या गाड्या स्वीकारार्ह दर्जाच्या नव्हत्या. प्रमुख अर्जदार महिलेने २०१२ च्या अखेरीस नवी फोकस घेतली होती. तिच्या गाडीची किंमत खरेदीच्या वेळीच ३० टक्क्यांनी कमी धरायला हवी होती, असं न्यायमूर्तींनी ठरवलं, आणि तिला एकूण १७,००० डॉलरच्या वर भरपाई मंजूर केली. या निकालात सील, अस्तर, चिप यांची चिकित्सा इतकी बारकाईने केली आहे की एरवी सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर जे अर्ध्या मिनिटात झटकलं जातं, त्याला नीट ऐकून घ्यायला किती वेळ लागतो ते कळतं.

प्रकरण तिथे संपलं नाही. अपिलं झाली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने (तिथलं सर्वोच्च न्यायालय तेच) भरपाईच्या मोजमापावर निर्णय दिला. वाद आता गिअरबॉक्सचा राहिला नव्हता. किंमतीतली घट कोणत्या दिवशीची मोजायची, आणि दोषाबद्दल किंवा दुरुस्तीबद्दल नंतर कळलेली माहिती त्यात कशी धरायची, यावर युक्तिवाद चालले होते. २०१२ च्या गाडीवर २०२४ मध्ये!

अर्थात बहुतेकांना कोर्टाची पायरी चढायची नसते, चढावी लागू नये असंच वाटतं. तेव्हा या प्रकरणातून काउंटरवर उभं राहताना उपयोगी पडेल असं काय आहे ते सांगतो.

पहिलं, तक्रारीची भाषा. ‘गिअरबॉक्स खराब आहे’ असं जॉब कार्डावर लिहून घेणं म्हणजे निदान आपण करणं. ते चुकलं की तक्रारच चुकली. लक्षण आणि ते कोणत्या परिस्थितीत येतं हे लिहून घ्यावं: अर्धा तास गर्दीत चालवल्यावर, पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना, ताशी पंधराच्या आसपास, स्टिअरिंग आणि सीट थरथरते. असं लिहिलं की चाचणी त्याच परिस्थितीत झाली की नाही, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. काउंटरवरचा माणूस टाइप करताना त्याचं ‘गाडी ओढत नाही’ करून टाकतो, तेव्हा सहीच्या आधी वाचणं आलंच. चाचणीला आपण बरोबर बसणं, शक्यतो गाडी स्वतः तापवून नेणं, आणि स्कॅनर लावूनच फेरी मारा असा आग्रह धरणं, हेही त्यातलंच. मोबाइलवर काढलेला व्हिडिओ थरथर फारशी पकडत नाही, पण टॅकोमीटरचा, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्या दाखवणाऱ्या मीटरचा, नाचणारा काटा पकडतो.

दुसरं, शेरा. ‘हे नॉर्मल आहे’ तोंडी स्वीकारू नये. नॉर्मल म्हणजे कोणत्या मापाने, मर्यादा किती, आमच्या गाडीचा आकडा किती आला, हे कार्डावर मागावं. आकडा मिळाला तर पुढच्या खेपेला तुलनेला काहीतरी हातात असतं. मिळाला नाही, तर मागितला होता आणि दिला नाही हे त्याच दिवशी ईमेलने कळवून ठेवावं, आणि त्या ईमेलमध्ये याआधीच्या सगळ्या कार्डांचे क्रमांक तारखेनिशी टाकावेत. प्रत्येक फेरीला नवी तक्रार समजण्याची सर्व्हिस सेंटरची सवय तिथेच मोडते. आणि तडजोडीची योजना पुढे आली, तर ती स्वीकारण्याआधी एवढंच विचारावं की यात आम्ही जे पैसे भरतोय ते नेमके कशाचे. उत्तर लेखी मागावं.